बघून घ्यावं, मगच भरावं

माझ्या पुतणीची मुलगी एमबीबीएस झाली, नीट-पीजी दिली आणि आता लहान मुलांची डॉक्टर होणार म्हणते. परवा फोनवर सांगत होती, "आबा, कॉलेजांची यादी भरायची आहे, चारच दिवस उरलेत." मी विचारलं, "मुलाखत कधी आहे?" ती हसायलाच लागली. आपल्याकडे मुलाखत नसते म्हणे. परीक्षेतला क्रमांक आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम, यावरून संगणक जागा देतो. देशपातळीवरच्या पन्नास टक्के जागांचं काम एमसीसी बघते, राज्याच्या जागांचं सीईटी सेल.

नात्यातला एक मुलगा अमेरिकेत आहे. तिकडे दवाखानेवाले उमेदवाराची मुलाखत घेतात आणि उमेदवारही त्यांना प्रश्न विचारून घेतो. मग दोघंही आपापली पसंती लिहून देतात आणि त्यावरून जोडी जुळते. १९५२ पासून ही पद्धत चालू आहे. अगदी बघण्याच्या कार्यक्रमासारखंच म्हणा ना!

आपल्याकडे आपल्याला कोणी बघायला येत नाही हे खरं. पण म्हणून आपणही बघू नये का? माझं मत विचाराल तर आपणच जाऊन जास्त बघावं. पोरगी तीन वर्षं तिथे राहणार आहे.

तिची यादी ऐकली. आधी पुणे-मुंबई, मग विद्यावेतन, मग घरापासूनचं अंतर. घरच्यांचा सल्लाही तसलाच, "नाव मोठं बघ." मला मात्र १९७८ सालची एक रात्र आठवली.

आमची थोरली तेव्हा आठ महिन्यांची होती. जुलाबांनी पार सुकून गेली. धाडहून एस.टी.ने तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. रात्री ड्यूटीवर एक शिकाऊ डॉक्टर होता, विशी-पंचविशीतला. सलाईन लावायला त्याला शीर सापडेना. तीनदा टोचलं. पोरगी रडायचीही थांबली होती. तो दोन मिनिटं थांबला आणि सिस्टरला म्हणाला, "सरांना उठवा." रात्रीचे दोन वाजले होते. सर आले, बनियनवरच, चप्पल घालून. पायाला छोटी चीर देऊन शीर शोधली, सलाईन चालू केलं. मग त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वेळेवर उठवलंस." आमची थोरली आज स्वतः आजी आहे.

पुढे पस्तीस वर्षं शाळेत शिकवताना ते एक वाक्य मी विसरलो नाही. आपल्याला येत नाही हे जिथे न घाबरता सांगता येतं, तिथेच माणूस शिकतो.

म्हणून नातीला म्हटलं, यादीतल्या दोन-तीन ठिकाणी तरी जाऊन ये. जमत नसेल तर तिथे दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांना फोन कर. प्रमुखांना नको, ते चांगलंच सांगणार! विचार, की रात्री दोनला वरिष्ठांना उठवलं तर ते येतात का, की रागावतात? नवजात बाळांच्या विभागात एका रात्री एकट्यावर किती बाळं असतात? शिकवण्याचा तास ठरल्या वेळी होतो, की कागदावरच? तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, ते कुठे? आणि मागच्या वर्षी कोणी मधूनच सोडून गेलं का?

कामाच्या तासांचंही विचार म्हटलं. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने ७४ तासांच्या वर नको आणि आठवड्याला एक सुटी हवी अशी शिफारस केली. अमेरिकेत २००३ पासून मर्यादा ८० तासांची आहे. कागद सगळीकडे आहेत. वॉर्डात काय चालतं ते तिथल्या मुलांनाच ठाऊक.

ती म्हणाली, "आबा, गर्दीच्या दवाखान्यातच शिकायला मिळतं." खरं आहे. पेशंट भरपूर हवेतच, विहिरीत पडल्याशिवाय पोहता येत नाही. पण काठावर कोणीतरी उभं असावं लागतं. तीस तास न झोपलेल्या पोरीने बाळाच्या औषधाचा हिशेब वजनावरून करायचा, त्यात एक टिंब चुकलं तर? त्या बाळाची आईही आमच्यासारखीच एस.टी.ने आलेली असते.

क्रमांक कमी असेल तर निवडीला वाव कमी, हेही मान्य. तरी पाचव्या आणि सहाव्या नंबरावर कोणतं टाकायचं, एवढं तर आपल्याच हातात असतं.

आणि नातेवाइकांनो, तुम्हीही वाचताय म्हणून सांगतो. पोरीला शहराचं नाव विचारू नका. तिथे तिला शिकवणारं कोण आहे ते विचारा. बुलढाण्याला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. उद्या तिथे शिकवायला अशीच कोणीतरी लागेल, रात्री दोनला उठून येणारी.

असो. काल तिचा फोन आला होता. दोन ठिकाणी जाऊन आली, आणि पहिल्या नंबरचं कॉलेज चौथ्यावर गेलं. का, ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरात कोणी या वाटेने गेलं असेल तर अजून काय विचारावं, ते जरूर कळवा. तिला वाचून दाखवीन.