घंटा वाजवून पाहा, मगच कागद घ्या



आग लागली की सगळेच धावतात. पण आग लागली हे वेळेवर सांगायचं कोणी? त्यासाठी मोठ्या इमारतींत अलार्म पॅनेलची पेटी बसवलेली असते. छतावरच्या धूरशोधकांच्या तारा तिच्यात येतात. धूर कळला की तांबडा दिवा लागून घंटा वाजते. तार तुटली किंवा बॅटरी उतरली की पिवळा दिवा लागतो नि बझर ओरडू लागतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक वा भोगवटादार यांची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून जानेवारी व जुलै असं वर्षातून दोनदा नमुना ‘ब’चं प्रमाणपत्र सादर करावं लागतं.

हे दोन महिने नीट ध्यानात घ्या. जानेवारीत आपलं गळीत ऐन भरात असतं. कामगाराला मान वर करायला फुरसत नसते. आणि जुलैत आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात तर धो धो पाऊस. शिवाय तिथं खारा वारा बारमाही. तारांच्या जोडांना गंज चढतो, धूरशोधकात ओल नि किडे शिरतात, वीज येते-जाते. मग घंटा उगाच वाजू लागते. दोन रात्री झोपमोड झाली की तिसऱ्या रात्री कोणीतरी बटण बंद करतो, ते बंदच राहतं. फायलीतला कागद मात्र कोरडा ठणठणीत!

आपल्या घरांतली कित्येक मुलं-मुली शिक्षणाला, नोकरीला रत्नागिरीत राहतात. त्यांच्या वसतिगृहातली घंटा वाजते का, हा आपल्याही काळजीचा प्रश्न आहे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरापैकी १० बालकं दगावली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथं ७ फेब्रुवारी २००८ ला साखर कारखान्यातच साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार गेले. तिथं इशारा रेडिओ आणि फोनवरून गेला. ज्यांच्याकडे ती साधनं नव्हती, त्यांना कोणी तोंडानं सांगेल तेव्हाच कळायचं. साखरेची धूळ, बगॅसचे ढीग आपल्याकडेही आहेत, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, उगाच वाजणारी घंटा काय कामाची? अहो, बैल अडला म्हणून आपण त्याला सोडून देत नाही, खूर बघतो. धूरशोधक साफ करावा, गंजलेले जोड बदलावेत, बॅटरी पारखावी. घंटेचं तोंड बांधणं हा उपाय नव्हे.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. कारखाना असो, सोसायटी असो की वसतिगृह, सहीआधी तपासनिसाने सर्वांसमक्ष धूर दाखवून घंटा वाजवावी. मग मेन स्विच पाडून ती बॅटरीवरही वाजवावी. पिवळा दिवा कधी लागला नि दुरुस्ती कधी झाली, हे वहीत लिहावं. पॅनेलजवळ बसणाऱ्या रात्रपाळीच्या वॉचमनला प्रत्येक दिव्याचा अर्थ शिकवावा. वार्षिक सभेत आपण उसाचा दर विचारतो, उतारा विचारतो. यंदा ही वहीही मागा. त्यात कसला आलाय संकोच?