गणपती बसायच्या आत बाहेर काढा

काशीतल्या मराठी घरांना, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकांना, गावाकडून येणाऱ्या यात्रेकरूंची उतरायची सोय करणाऱ्यांना आणि फळीखालच्या खोक्यात रंगीत नळकांड्या दडवून ठेवणाऱ्या दुकानदारांना हे जाहीर सांगणं आहे. आडून सांगून झालं, बाजूला घेऊन सांगून झालं. आता मुदत देतो. ई-सिगारेट, वेप, पॉड, ई-हुक्का, नाव काहीही असो, गणेश चतुर्थीला गणपती बसायच्या आत हा माल आपापल्या घरातून, खोलीतून, दुकानातून गेला पाहिजे. त्यानंतर कुणाची ओळख आणि कुणाची सोयरीक बघितली जाणार नाही.

आधी कायदा सांगतो, म्हणजे 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे उत्तर उरणार नाही. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, बाहेर पाठवणं, वाहून नेणं, विकणं, वाटणं, तिची जाहिरात करणं, या सगळ्याला देशभर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आहे. फौजदार किंवा त्याच्या वरचा अधिकारी वॉरंट न दाखवता आत येऊन झडती घेऊ शकतो. 'यात निकोटीन नाही, नुसता फ्लेवर आहे' ही पळवाटही बंद आहे, कारण निकोटीन असो वा नसो, तापवून ओढायचं धुकं काढणारं यंत्र या कायद्याच्या व्याख्येत बसतं.

घरमालकांनी पुढचं दोनदा वाचावं. आपल्या जागेत या मालाचा साठा जाणूनबुजून ठेवू देणाऱ्यालाही याच कायद्यात शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागेचा मालक असो, भाडेकरू असो, नाहीतर नुसती किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो असो. आजवर तुम्ही हात वर करत आलात. 'पोरं शिकायला आलीत, महिन्याचं भाडं देतात, त्यांच्या ट्रंकेत काय आहे ते आम्ही कशाला बघू?' आता हा कागद तुमच्या हातात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर आठवड्याला खोकी येतात आणि संध्याकाळी चिल्लर होऊन खाली उतरतात, हे जिन्यावरून जाता-येता तुम्ही पाहत असाल, तर यापुढे ते जाणूनबुजूनच धरलं जाईल.

आता वस्तू ओळखायला शिका. घरातली वडीलधारी माणसं तिला हायलायटर समजून उचलून परत पोराच्या टेबलावर ठेवतात. बोटभर लांब, कडा गोल, रंग फिकट गुलाबी नाहीतर पुदिन्याचा. एका टोकाला चपटी चोच, दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या चार्जरची खाच. बऱ्याच नळकांड्यांना बटणही नसतं. चोच ओठात धरून श्वास ओढला की आतला सेन्सर जागा होतो, तळाचा दिवा लुकलुकतो, बारीक तारेचं वेटोळं तापतं, आणि त्याच्याभोवती द्रवात भिजलेला जो कापूस असतो, त्यातला द्रव उडून धुकं होऊन घशात जातो. राख नाही, काडी नाही, थोटूक नाही. वास आंब्याचा, नाहीतर थंडगार कलिंगडाचा. आई दार लोटून आत येते तोवर खोलीत काहीही उरलेलं नसतं.

खोक्याच्या पाठीवर बारीक अक्षरात ५% लिहिलेलं असतं. पोरांना ते किरकोळ वाटतं. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरात ५० मिलिग्रॅम निकोटीन. दहा मिलिलिटरची एक नळकांडी म्हणजे ५०० मिलिग्रॅम. एका साध्या सिगारेटीतून ओढणाऱ्याच्या रक्तात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम जातं. नळकांडीतलं सगळंच रक्तात उतरत नाही, हे खरं. तरीही ती संपायला किती दिवस लागतात ते तुमच्या पोराला विचारा आणि मग हिशेब करा. युरोपात जिथे ही वस्तू कायद्याने विकली जाते, तिथे एका मिलिलिटरात २० मिलिग्रॅमची आणि एका टाकीत दोन मिलिलिटरची मर्यादा आहे, म्हणजे सगळे मिळून ४० मिलिग्रॅम. आपल्या गल्लीत येते ती त्याच्या बारापट भरलेली, आणि खोक्यावरचा आकडा तरी खरा आहे का हे सांगायला कुणी बांधलेलं नाही. सिगारेटचा कडवटपणा निदान नवख्याला खोकायला लावतो. इथे निकोटीनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला असतो, तो घशाला टोचत नाही. म्हणून नवखं पोर पहिल्याच दिवशी जुन्या ओढणाऱ्याइतका दम घेऊ शकतं. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते. त्या वयात लागलेली ही तलफ अभ्यासातलं लक्ष, झोप आणि स्वभाव, तिन्ही खाते. खोली भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षेला बसलेल्या पोराला आणखी काय घालवायचं असतं?

'नुसती पाण्याची वाफ आहे' असं विकणारा सांगतो. पाण्याची नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे ते बारीक तुषार असतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतील इतके बारीक. वेटोळं जास्त तापलं की त्यात फॉर्माल्डिहाइड तयार होतं. तारेतून आणि डाकातून निकेल, क्रोमियम, शिसं उतरतं. लोण्याचा स्वाद देणारं डायअसेटिल काही फ्लेवरांत सापडलेलं आहे. अमेरिकेत मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासनलिका याच रसायनाच्या वाफेने कायमच्या आखडल्या होत्या. खाण्यात चालणारी वस्तू श्वासात चालतेच असं नाही. हळद अंगाला लावतात, डोळ्यांत घालत नाहीत.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण मुलं धाप, छातीत दुखणं, उलट्या आणि ताप घेऊन रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू. तपासात मुख्य दोषी निघालं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. गांजाच्या अर्काच्या नळकांड्यांत, बहुतेक चोरट्या बाजारातल्या, ते घट्टपणासाठी मिसळलेलं होतं. यावर वेपवाले म्हणतात, 'तो गांजाचा मामला, आमचा नव्हे.' ठीक. पण घात केला तो ज्याच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नाही अशा मालाने. आणि २०१९ नंतर भारतात विकली जाणारी प्रत्येक नळकांडी चोरट्या बाजारातलीच आहे. एकही अपवाद नाही.

म्हणूनच 'सुरक्षित कसं वापरायचं ते सांगा' म्हणणाऱ्यांना उत्तर देतो. ब्रिटनमधले आरोग्य अधिकारी अनेक वर्षं म्हणत आले की जुना ओढणारा सिगारेट पूर्ण सोडून याच्यावर गेला तर त्याचं नुकसान कमी होतं. त्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पण ते म्हणणं तिथल्या तपासलेल्या, मर्यादा घातलेल्या मालाबद्दल आणि आधीपासून धूम्रपान करणाऱ्या प्रौढाबद्दल आहे. दुर्गाकुंडाच्या कोचिंगमधल्या ज्या सतरा वर्षांच्या मुलाने आयुष्यात विडीही ओढलेली नाही, त्याला ते लावणं म्हणजे लबाडी. शिवाय आपल्याकडे दिवसा वेप आणि रात्री सिगारेट असं दोन्ही चालतं, तेव्हा कमी काहीच होत नाही. आणि त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपच्या विक्रीवर बंदी घातली, हे विकणारा सांगत नाही. काशीत याचा सुरक्षित वापर असा काही नाही. ज्यांच्याकडे अजून ती आहे त्यांनी टाकून देईपर्यंत एवढं तरी पाळावं: उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करू नका, आत लिथियमची बॅटरी आहे आणि तिने पेट घेतला तर गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नाही. फुगलेली, तापलेली, ओलावलेली असेल तर हात लावू नका. वेपमध्ये भरायच्या बाटलीतला द्रव अंगावर सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. घरात रांगतं मूल असेल तर फळांचा वास येणारी ती बाटली त्याच्या तोंडात जाणारच, असं समजून चाला. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका वर्षाचं बाळ असंच गेलं. उलट्या, घाम, लाळ, पांढरं पडणं, झटके यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, बाटलीसकट थेट रुग्णालय गाठा. आणि वेप ओढणाऱ्याला धाप लागली तर डॉक्टरांपासून ते लपवू नका; कारण लपवलं की निमोनिया समजून उपचार होत राहतात.

आता कुणीतरी म्हणेलच: 'ज्या शहरात सकाळ पान-जर्द्याने उजाडते तिथे या नळकांडीचं काय एवढं?' बोलणारा अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त राग येतो. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातलं महामना पंडित मदनमोहन मालवीय कॅन्सर सेंटर आणि लहरताऱ्याचं होमी भाभा कॅन्सर रुग्णालय, दोन्ही आपल्या परळच्या टाटा मेमोरियलची. मुंबईच्या संस्थेला इथवर यावं लागलं यातच काय ते समजा. तिथल्या ओसरीत तासभर बसून या. जबडा बांधलेली माणसं पूर्वांचलातून, बिहारातून आलेली दिसतील. उत्तर प्रदेशात गुटख्यावर बंदी आली २०१३ मध्ये, महाराष्ट्रात त्याच्या आदल्या वर्षी. दुकानदारांनी काय केलं? पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी पुडी, दोन्ही शेजारीशेजारी टांगल्या. गिऱ्हाईकाने तळहातावर एकत्र केल्या. कायदा कागदावर राहिला आणि सगळा मोहल्ला बघत राहिला. ई-सिगारेटच्या बाबतीत तीच कथा परत घडू द्यायची नाही, म्हणून हा कागद. गुटख्याची मुळं शंभर घरांत गेलीत. हिची अजून दहा घरांत आहेत. उपटायची ती आत्ताच.

महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंनाही सांगणं आहे. काशीविश्वनाथाचं दर्शन, पंचगंगेवर स्नान, पितरांचं कार्य, यासाठी महानगरी किंवा ज्ञानगंगा एक्सप्रेसने येता, तुमचं स्वागत आहे. बरोबरच्या तरुण मंडळींच्या पिशव्या मात्र घरीच बघून या. विमानाने बाबतपूरला उतरणारे आणि दुबई-शारजाहून भाच्याने भेट म्हणून आणलेली डबी मिरवणारे, त्यांनी हे लक्षात घ्यावं की सामानातून ती देशात आणणं हीसुद्धा आयातच. आमच्या सोयीत उतरणाऱ्याच्या खोलीत ती सापडली तर खोली त्याच दिवशी रिकामी करावी लागेल. सोबत कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला दुसरीकडे आसरा देऊ, तुम्हाला नाही.

एक गोष्ट स्वच्छ सांगतो, उगाच कुणी घाबरवू नये. निव्वळ ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. ज्या पोराला तलफ लागली आहे त्याच्या मागे आम्ही पोलीस लावणार नाही, त्याला चौकात उभं करून कुणी बोलणारही नाही. कुणी बोललं तर त्याची गाठ आमच्याशी आहे. त्या पोराने १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करावा, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांना भेटावं, निकोटीनचा च्युइंगगम, पट्टी किंवा गोळ्या यातलं त्याला काय लागू पडेल ते डॉक्टर ठरवतील. ही औषधं परवान्याने विकली जातात, बंदीत येत नाहीत. सोडल्यावरचे पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं हे होणारच. आईवडिलांनी तेवढे दिवस कळ सोसावी आणि परीक्षेच्या मार्कांचा विषय काढू नये.

विकणाऱ्याला आणि साठवणाऱ्याला ही सवलत नाही. माल घाटावर नेऊन गंगेत टाकायचा नाही, जाळायचा नाही, कचऱ्याच्या ढिगात लोटायचा नाही. साठा असेल तर यादी करून ठाण्यात जमा करा. एखादीच नळकांडी घरी सापडली असेल तर जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या जिथे देता त्या ई-कचऱ्यात द्या. कृपा करून आमच्याकडे आणून देऊ नका, नाहीतर साठा आमच्याच नावावर लागायचा.

मुदत संपल्यावर काय होईल ते असं. ज्या दुकानात माल दिसेल तिथून आमच्या घरात दूध, पान, साखर काहीही येणार नाही, उत्सवाची वर्गणीही नाही. ज्या मालकाच्या खोलीत साठा असेल त्याला आम्ही भाडेकरू सुचवणार नाही आणि यात्रेकरू पाठवणार नाही. आणि तक्रार जाईल. लेखी, तारीख-वार घालून, दोन प्रतींत. आमच्या गल्ल्यांची कोतवाली ठाण्यात, लंका मोहल्ल्याकडची लंका ठाण्यात. कोतवालीत मुख्य अधिकाऱ्याच्या खुर्चीवर काळभैरव बसतो आणि साहेब बाजूला बसतात, हे काशीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा कागद मात्र बाजूच्या खुर्चीकडे जाईल, कारण सही तिथे मिळते. तिथे पोच दिली नाही तर दुसऱ्या दिवशी तोच कागद पोलीस आयुक्तांच्या कचेरीत. काशीत २०२१ पासून आयुक्तालय आहे, आणि तिथली वाट आमच्या पायाखालची आहे.