निघून गेला, पण कुठे?



बेघरांचे निवारागृह सोडल्यावर माणूस कुठे गेला हे विचारणे म्हणजे पाळत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये घालून दिला. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी पैसाही मिळू लागला. हिशेब मात्र खाटांचाच. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावात निवाऱ्यातला माणूस बालाघाटला घरी परतला, भाड्याच्या खोलीत गेला की पुन्हा फलाटावर आला, हे ‘खाट रिकामी’ एवढ्या नोंदीतून कळत नाही.

अशी नोंद पोलिसांच्या हाती लागेल, ही भीती खोटी नाही. 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा राज्यात आहेच. म्हणूनच पत्ता नको, फक्त प्रकार नोंदवा: घर, खोली, रुग्णालय, रस्ता. अमेरिकेत केंद्राच्या निधीवरील निवाऱ्यांना अशी नोंद ठेवावी लागते. सांगायचे नसेल त्याच्यापुढे ‘सांगितले नाही’ लिहावे. त्याला ‘घरी गेला’मध्ये ढकलू नये. अनेक जण न सांगताच निघून जातील, हा आक्षेप खरा वजनदार. पण ‘सांगितले नाही’चा आकडाच फुगू लागला, तर निवाऱ्यात काय बिघडले आहे ते नगर परिषदेने आधी तपासावे.

एक वाचक, गोंदिया