कार्ड फडताळात, रुग्ण नागपुरात

गेल्या कार्तिकात आम्ही सौंसरजवळच्या एका खेड्यात आमच्या आप्तांकडे दोन दिवस मुक्कामास होतो. घरच्या वडीलधाऱ्यांना सारे गाव काकाजी म्हणते. आम्हीही तसेच म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. एके काळी पहाटे उठून संत्र्याचा सारा बगीचा पायी फिरून येणारे हे गृहस्थ या खेपेस आम्हांला ओसरीवर काठी शेजारी ठेवून बसलेले दिसले. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ओल्या अंगणात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. रात्रीच मोटार करून मुलाने त्यांना नागपुरास नेले, एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, ती उत्तमही झाली. तक्रार त्याविषयी नाही.

रात्री अकराच्या सुमारास दाखल करताना तेथील खिडकीवरच्या माणसाने मुलाला विचारले, “योजनेतून की रोखीने?” मुलगा म्हणाला, “रोखीने.” या एका शब्दाची किंमत दोन लाखांच्या वर गेली. आंबिया बहाराची संत्री झाडावर हिरवी असतानाच व्यापाऱ्याशी सौदा करून आगाऊ रक्कम उचलावी लागली आणि घाईच्या सौद्यात भाव जसा मिळतो तसाच मिळाला.

आम्ही त्यास विचारले, “कार्ड नव्हते का?” तो खाली मान घालून म्हणाला, “कार्ड तं होतं जी. बाबांचं ग्रामपंचायतीच्या शिबिरात काढलं होतं. पण ते गरिबाइचं असते असं वाटलं.” कार्ड फडताळात विजेच्या बिलांखाली होते. तिसऱ्या दिवशी ते नागपुरास पोहोचले, तेव्हा रोखीचा रुग्ण म्हणून कागद झालेले होते आणि ते बदलता येणार नाहीत असे उत्तर मिळाले. त्या रुग्णालयाला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी विचारले होते.

हा प्रसंग आमच्या घरातला म्हणून सांगितला; परंतु पांढुर्णा-सौंसर भागातील किती घरांत तो घडला असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. म्हणून या खेपेस या आयुष्मान कार्डाविषयी, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही याविषयी, थोडे विस्ताराने लिहितो.

ही योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी रांची येथून सुरू झाली. वर्षाला एका कुटुंबास 5 लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार, रुग्णाने पैसे न भरता. प्रारंभी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील गरीब कुटुंबे तीत होती. मध्यप्रदेशाने पुढे संबल योजनेतील व शिधापात्रतेच्या यादीतील कुटुंबेही त्यात घेतली. ‘गरिबाइचे कार्ड’ ही समजूत येथूनच रूढ झाली आणि ती त्या वेळी चुकीचीही नव्हती. मात्र 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास, त्याचे उत्पन्न किंवा जमीन कितीही असो, हे संरक्षण लागू झाले. त्या कार्डाला ‘वय वंदना’ असे नाव आहे. आधार कार्डावरील वय पाहिले जाते, सातबारा वा खसरा पाहिला जात नाही. घर आधीपासूनच योजनेत असेल तर घरातील वृद्धांसाठी वेगळे 5 लाख असतात, ते मुलांनातवंडांच्या वाट्यातून जात नाहीत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर हे 5 लाख दोघांत मिळून. काकाजींचे कार्ड याच प्रकारचे होते.

आमच्या समाजात सरकारकडून काही घेणे म्हणजे धर्मादाय घेणे असे मानणारी एक जुनी पिढी आहे. तिच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य 60 व 40 या प्रमाणात उचलतात आणि तो पैसा करांतूनच येतो. काकाजींनी चाळीस वर्षे खतावर, डिझेलवर, पंपाच्या सुट्या भागांवर जो कर भरला त्याला कोणी धर्मादाय म्हटले नाही. आम्ही हे त्यांना बोलून दाखविले तेव्हा ते नुसते हसले.

आता काय मिळते ते पाहू. 2022 मध्ये सुधारलेल्या यादीत 27 विभागांतील 1,949 उपचार आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोगावरील औषधोपचार व किरणोपचार, डायलिसिस, मोडलेली हाडे, मेंदूची दुखापत, नवजात बालकांची शुश्रूषा, अशी ही यादी लांब आहे. प्रत्येक उपचाराची रक्कम आधीच ठरलेली असते. खाट, शुश्रूषा, शल्यचिकित्सक, भूल, रक्त, प्राणवायू, औषधे, तपासण्या, हाडात बसवावयाची सळई किंवा खुबा, रुग्णाचे जेवण हे सारे त्या रकमेत आले. वर आणखी पैसे मागण्याचा रुग्णालयास अधिकार नाही. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांतील त्याच आजाराच्या तपासण्या व औषधेही त्यात धरलेली आहेत. घरी निघताना ही औषधे मागून घेण्याचे बहुतेकांना सुचत नाही. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. घरात माणसे किती यावर बंधन नाही. यापूर्वी केंद्राची जी स्वास्थ्य विमा योजना 2008 मध्ये आली होती तीत वर्षाला 30 हजार आणि घरातली पाचच माणसे. सहावे कोण ठेवायचे, आजी की धाकटी मुलगी, असा प्रश्न तीत उभा राही. तो तरी सुटला.

मात्र हे कार्ड रुग्णालयाच्या खाटेपाशी जागे होते, त्याआधी ते निजलेले असते. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना दाखविणे, रक्तदाबाची व मधुमेहाची दर महिन्याची गोळी, दाखल न होता केलेल्या तपासण्या यांपैकी काहीही यात बसत नाही. वंध्यत्वावरील उपचार व रूप सुधारण्याच्या शस्त्रक्रियाही नाहीत. शिवाय काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखलेले असतात आणि ती यादी राज्याराज्यांत वेगळी असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, तेव्हा सावरगावचा आणि पांढुर्ण्याचा मिळून जो पराक्रम घडतो त्यातील बहुसंख्य वीर टाके घालून, पट्टी बांधून घरी जातात. त्यांना या कार्डाचा काही उपयोग नाही. डोक्याला मार लागून ज्याला दाखल करावे लागले त्याला आहे. (गोट्याच न मारता हा खर्च वाचतो, हे आम्ही यापूर्वीही सुचविले आहे, ते कोणी मनावर घेतले नाही.)

याहून गंभीर उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात आणि आपल्या या पट्ट्यात हा रक्ताचा आजार अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हाडे-सांधे असह्य दुखू लागले, रक्त चढवावे लागले, म्हणजे दाखल होणे आले आणि कार्ड लागू पडते. परंतु या मुलांचे खरे संरक्षण रोजच्या गोळीत, भरपूर पाण्यात, वेळच्या वेळी केलेल्या तपासणीत आहे आणि त्यासाठी कार्ड नव्हे, सरकारी दवाखाना गाठावयाचा. 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात रक्ततपासणी विनामूल्य होते. लग्न ठरविताना पत्रिकेबरोबर हाही कागद पाहावा, असे आम्ही घरातील बायाबापड्यांना आग्रहाने सांगत असतो.

आता नागपूरची गोष्ट. आपल्या लोकांना आजारपणात नागपूर का आठवते हे परक्यास समजावून सांगावे लागते. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत, सौंसरहून त्याहूनही जवळ; भोपाळ पांढुर्ण्यापासून अडीचशेच्या वर. 1950 ते 1956 या काळात तर मध्यप्रदेशाची राजधानीच नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी सरहद्द आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा नव्या मध्यप्रदेशात राहिला. पण दुखणे आले की लोक मेयोत आणि 1947 साली सुरू झालेल्या मेडिकलमध्येच जात राहिले. 2015 मध्ये बंद होईपर्यंत छिंदवाडा-नागपूर छोट्या रेल्वेच्या डब्यात रामाकोना, सौंसर, लोधीखेडा येथून किती रुग्ण गोधडी पांघरून गेले असतील त्याचा हिशेब नाही. 2019 मध्ये छिंदवाड्यास वैद्यकीय महाविद्यालय झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परासिया भागातील कोवळी मुले खोकल्याच्या विषारी औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली, तेव्हा आईबापांनी त्यांना उराशी धरून नागपूरच गाठले.

म्हणून या योजनेतील आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट 5 लाखांचा आकडा नव्हे, तर हे कार्ड सरहद्दीपलीकडे चालते ही आहे. नागपुरातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात मध्यप्रदेशाचे कार्ड दाखविता येते. पैसे मध्यप्रदेश सरकार चुकते करते. येथे एक घोटाळा होतो तो ध्यानी घ्यावा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे आणि 2020 पासून दोन्ही योजना तेथे एकत्र चालतात. खिडकीवर ‘फुले योजना का?’ असे विचारल्यावर आपला माणूस ‘हो’ म्हणतो, मग महाराष्ट्राची शिधापत्रिका मागतात, ती नसते, आणि तो निराश होऊन रोखीकडे वळतो. तेथे स्वच्छ सांगावे : “आमचे आयुष्मान कार्ड आहे, मध्यप्रदेशाचे.” आपल्याकडे जो आयुष्मान मित्र, त्यास नागपुरात आरोग्यमित्र म्हणतात, दाखल होण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यालाच गाठावे. रुग्णालय संलग्न आहे की नाही, हवा तो उपचार तेथे योजनेत होतो की नाही, हे 14555 या क्रमांकावर विचारता येते. कार्डासोबत आधार हवेच.

(कर्नाटकातील सीमाभागाच्या 865 गावांतील मराठी माणसांना महाराष्ट्राने 2023 मध्ये फुले योजना देऊ केली. आपल्या भागाचे नाव त्या यादीत नाही, असण्याचे कारणही नाही. आम्ही कोणाच्या वादात नाही. तथापि कधीकधी मनात येते.)

राहिला कागदांचा प्रश्न. आपली नावे घरात मराठी आणि दप्तरात हिंदी. हिंदी कारभारात ‘ळ’ या अक्षराला जागा नाही, त्यामुळे काळ्यांचे काले होतात आणि पिंपळ्यांचे पिंपले. आधारावर एक, समग्र आयडीत दुसरे, शिधापात्रता पर्चीवर तिसरे. सुनेचे आधार माहेरच्या नावाचे असते. कोठे मधले नाव आहे, कोठे गळले आहे. एरवी याचे कोणी काही मनावर घेत नाही. पण यंत्राला नावे जुळवून पाहावयाची असतात आणि न जुळल्यास कार्ड अडकते. अडकलेले कार्ड सुटण्यास दिवस लागतात आणि झटका आलेल्या माणसापाशी दिवस नसतात. तेव्हा घरात सगळे धडधाकट असतानाच एक दुपार काढून सर्वांचे कागद एका सतरंजीवर मांडावेत, आणि जो फरक दिसेल तो आधी दुरुस्त करून घ्यावा. मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, शिबिरातल्या पोराचा नव्हे. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात एकाच क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले होते. आपल्या नावावर कोणी उपचार दाखविले तर निरोप आपल्याकडेच आला पाहिजे.

एवढे करूनही नागपुरात राहण्याचा, सोबतच्या माणसांच्या जेवणाचा, मोटारीचा खर्च उरतोच. तो कोणत्याही कार्डात नाही. त्यासाठी जुन्या काळाप्रमाणे सीताबर्डी-महालातील नातेवाइकांचीच घरे आहेत. ती घरेही आता सदनिकांची झाली, पण दार अजून उघडतात, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही निघालो त्या दिवशी काकींचे कागद काढण्याचे काम चालले होते. त्यांना मार्गशीर्षात सत्तर पूर्ण होणार. आधारावरील जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हती, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने 1 जुलै लिहून टाकली होती. मुलगा दोन्ही कागद घेऊन सौंसरला जाण्याच्या तयारीत होता. काकाजी काठी टेकीत फाटकापर्यंत आले. पलीकडे बगीच्यात व्यापाऱ्याची माणसे संत्री उतरवून कॅरेट भरीत होती. काकाजींनी तिकडे पाठ केली आणि आम्हांला म्हणाले, “फळ या वर्षी चांगलं आलं जी.”