कान आणि तराजूचा काटा

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या घरांत चातुर्मासात दमट हवेचा पहिला घाला कपाटांवर होतो. वह्या, गाद्या, रेशमी वस्त्रे बाहेर निघतात आणि एखाद्या घरी त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रिकांचा गठ्ठाही निघतो. आजोबांनी माल भरण्यासाठी मुंबईस गेले असताना हौसेने आणलेली नाट्यगीते, रागदारी, स्तवने. वेष्टनांवर बुरशीचे ठिपके उमटलेले असतात. मग घरात दोन मते पडतात. मुलगा म्हणतो, हा पसारा संग्राहकाला विकावा आणि एक उंची सीडी प्लेअर घ्यावा. विक्रेता सांगतो की त्यातून थेट रेकॉर्डसारखा आवाज येतो. वडील म्हणतात, तो गोडवा सीडीत येणे नाही. रक्कम लाखाच्या घरात असते आणि गठ्ठा एकदा गेला की परत येत नाही. म्हणून हा प्रश्न आवडीनिवडीवर न सोडता नीट तोलून पाहणे योग्य ठरते.

दीर्घवादी ध्वनिमुद्रिका, म्हणजे एलपी, कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांना आपला राग तेवढ्यातच मांडावा लागला. एलपीने प्रत्येक बाजूस वीस-पंचवीस मिनिटे दिली आणि किशोरीताई आमोणकरांचे भूप व बागेश्री घरोघरी सावकाश ऐकता आले. एलपीच्या खाचेत ध्वनिलहरीचा आकारच कोरलेला असतो आणि सुई त्या आकारावरून चालते. मात्र या पद्धतीला मर्यादा आहेत. खर्जाचे स्वर पूर्ण जोराने कोरले तर खाच शेजारच्या खाचेत शिरेल, म्हणून ते कोरताना दाबावे लागतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायरकडून पुन्हा उचलून घ्यावे लागतात. तबकडी मध्याकडे सरकते तसा घेर लहान होतो आणि तार स्वरांची स्पष्टता उतरते. धूळ व घर्षण यांची खरखर सोबत असतेच.

सीडी १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. तिच्यात ध्वनीची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदले जाते. दोन मोजण्यांमधला ध्वनी हरवतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. मोजणीच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतच्या सर्व लहरी त्या नोंदींवरून अखंड परत उभ्या करता येतात, हे गणिताने सिद्ध आहे. ही मर्यादा २२,०५० कंपनांची. माणसाचा निरोगी कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर तेही कमी होते. सर्वांत हळू व सर्वांत मोठा आवाज यांतील अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल असते, तर एलपीत साधारण ७० च्या आसपास.

म्हणजे काट्याचा कौल स्पष्ट आहे. एलपीची बरोबरी करण्यासाठी सीडीला लाखाचे यंत्र लागत नाही. साधे पण नीट बनवलेले यंत्रही पुरते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या मोजमापातून काढलेला, असे दोन्ही ऐकवून फरक विचारला गेला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी इतकीच आली असती.

तरीही वडिलांचा कान खोटे बोलत नाही. नव्वदच्या दशकापासून अनेक सीडी मुद्दाम अधिक मोठ्या आवाजात भरल्या गेल्या; त्यात हळू आणि जोरकस यांतला उतार सपाट झाला. जुन्या तबकड्यांवरून सीडी करताना खरखर पुसण्याच्या नादात तंबोऱ्याची झंकारही काही वेळा पुसली गेली. अशा सीडीपेक्षा मूळ ध्वनिमुद्रिका सरस वाटते, आणि ती असतेही. दोष माध्यमाचा नसून ते भरणाऱ्या हाताचा असतो. एका नयाने मुलगा बरोबर, दुसऱ्या नयाने वडील. कोणत्या अपेक्षेने बोलले जाते हे आधी ठरवले तर वाद उरत नाही.

या संदर्भात व्यापारी घरांनी ध्यानात घ्यावी अशी एक घटना अमेरिकेत घडली. मोबाईल फिडेलिटी ही कंपनी मूळ चुंबकीय फितींवरून महागड्या ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी नावाजलेली. फितीपासून तबकडीपर्यंत कोठेही डिजिटल टप्पा नाही, अशी ग्राहकांची समजूत होती. जुलै २०२२ मध्ये उघड झाले की २०११ पासून तिच्या अनेक मुद्रिकांत मध्ये डिजिटल प्रत वापरली जात होती. डिजिटल ध्वनीला नावे ठेवणाऱ्या रसिकांनीही त्यांतल्या कित्येक वाखाणल्या होत्या. पुढे ग्राहकांनी दावा केला आणि कंपनीला परताव्याची तडजोड करावी लागली. माल वाईट नव्हता, ध्वनी उत्तमच होता. पण काय विकले जात आहे हे नीट सांगितले गेले नव्हते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये कमी-अधिक मापाबरोबर प्रतिरूपक व्यवहारही गणला आहे, म्हणजे एकाच्या नावावर दुसरे देणे. वस्तू चांगली निघाली म्हणून तो दोष फिटत नाही. ‘रेकॉर्डसारखा आवाज’ असे सांगून यंत्र विकणाऱ्यानेही हे स्वतःला विचारावे.

घरातला निर्णय घरातच होऊ शकतो. आवडती ध्वनिमुद्रिका स्वच्छ करून रेकॉर्ड प्लेअरवर लावावी आणि संगणकावर सीडीच्याच मोजमापाने तिची नोंद घ्यावी. मग दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवून, कारण जरा मोठा आवाज नेहमी सरस भासतो, वडिलांना यंत्राकडे पाठ करून बसवावे आणि दहा-वीस वेळा ओळखायला सांगावे. नोंदीतही तोच गोडवा, तीच खरखर ऐकू आली तर सीडी तो आवाज सांभाळू शकते हे सिद्ध झाले. मग लाखाच्या यंत्राची गरज परिग्रह-परिमाणाच्या हिशेबात कोठे बसते, ते कुटुंबाने ठरवावे. खर्च करायचाच तर स्पीकर आणि खोलीतील त्यांची जागा यांवर केल्यास कानाला अधिक फरक जाणवतो.

गठ्ठा मात्र विकण्याची घाई नसावी. त्यातली कित्येक स्तवने सीडीवर कधी आलीच नसतील. ध्वनिमुद्रिका उभ्या ठेवाव्यात, उन्हात कधीच ठेवू नयेत, कारण उष्णतेने त्या वाकतात. बुरशी आलेली वेष्टने बदलावीत. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना स्पिरिट लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटात विरघळते. नोंदीचे हे काम पर्युषणापूर्वी झाले, तर आजोबांच्या आवडीचे स्तवन सासरी गेलेल्या मुलींच्या घरीही त्या आठ दिवसांत ऐकता येईल.