नव्या छर्‍याच्या बंदुकीचा नेम



"साहेब, स्प्रिंगची नवी एअरगन घेतली, पण दहा छर्रे दहा ठिकाणी जातात. परत करू का?" परवा एका तरुणाने विचारले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून पोराला ध्यास लागलेला.

घाई करू नका. नव्या बंदुकीत तेल जास्त असते. दाबाने ते पेटते, धूर निघतो आणि छर्‍याचा वेग कमीजास्त होतो. नळी कोरड्या फडक्याने पुसा, दस्त्याचे स्क्रू आवळा. पहिले काहीशे छर्रे बंदूक बसण्यासाठीच समजा.

बंदूक करकचून धरू नका. चाप ओढताच आतला दट्ट्या धावतो आणि छर्रा बाहेर पडण्याआधीच बंदूक हलते. म्हणून ती उघड्या तळव्यावर, दर वेळी एकाच जागी, सैल टेकवा. दोन-तीन प्रकारचे छर्रे आणून दहा मीटरवर प्रत्येकी पाच मारून पाहा. जे एका जागी जमतील तेच वापरा. नेमाची माशी त्यानंतर जुळवा.

छर्‍याशिवाय चाप ओढू नका, स्प्रिंग बिघडते. निशाणामागे मातीचा बांध हवा. मोरावर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुऊनच भाकरीला बसा.

आणि माता-पित्यांनो, बंदूक कुलपात ठेवा. नेम पुन्हा सुधारता येतो, लेकराचा गेलेला डोळा परत येत नाही.