एक टीव्ही, दोन रिमोट



मागे एकदा डोंबिवलीला मावशीकडे गेलो होतो. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अप्पांना, हल्ली कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी घरात खास साउंडबार आणलेला. पण बातम्यांच्या वेळी पाहतो तर काय, अप्पा गॅलरीत एकटेच!

"अप्पा, बातम्या लागल्यात की!"

"नको रे बाबा! दोन दोन रिमोट. टीव्हीच्या रिमोटनं आवाज वाढतच नाही. दर वेळी नातवाला हाक मारली की तो वैतागतो. त्यापेक्षा इथंच बरं."

आता सांगा, चूक अप्पांची का? मुळीच नाही!

रिमोटच्या टोकाला एक चिमुकला दिवा असतो. त्याचा अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही. बटण दाबलं की हा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो. ऊन आणि घरातले दिवे यांच्या प्रकाशातून त्याची खूण वेगळी ओळखू यावी, म्हणून ही धडपड! मध्ये मध्ये थांबून तो सांकेतिक निरोप पाठवतो. हा निरोप पत्रासारखाच असतो. त्यात पत्ता असतो आणि मजकूरही. टीव्हीच्या रिमोटच्या पत्रावर पत्ता टीव्हीचा. मग साउंडबार ते कशाला उघडेल?

मग युक्ती काय? निरोप टीव्हीनंच पुढे पोचवायचा! पण अप्पांकडे दोघांना जोडणारी केबल होती ऑप्टिकल. ती फक्त आवाज नेते, हुकूम नेत नाही. एचडीएमआय केबलमध्ये मात्र हुकमांसाठी वेगळी तार असते. या सोयीचं नाव सीईसी. सॅमसंग तिला 'अ‍ॅनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिंपलिंक', तर सोनी 'ब्राव्हिया सिंक'.

नातवाला हाताशी घेतलं. आधी दोन्ही यंत्रं बंद केली. दोन्हीकडच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचांत एचडीएमआय केबल लावली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं आणि आवाज साउंडबारकडे वळवला. झालं! टीव्हीच्याच रिमोटनं साउंडबारचा आवाज वाढला. दुसरा रिमोट गेला खणात, आणि अप्पा आले खुर्चीत.

तुमच्या घरीही पाहा. साउंडबार टीव्हीच्या पुढ्यात असा ठेवलेला नाही ना, की रिमोटचा प्रकाशच अडेल? रिमोट चालत नसेल, तर त्याचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक मोबाइलवर जांभळट ठिपका दिसतो. दिसला, तर दिवा जिवंत आहे. नाही दिसला, तर आधी सेल बदला.

केबलीला हात लावण्याआधी मोठ्यांना विचारा बरं का! आणि सगळं जमलं की रिमोट आजी-आजोबांच्या हातात द्या. स्वतःच्या खिशात नको!

भेटू पुढच्या अंकात.